समृद्धी महामार्ग, आंबोली घाट आणि टोयोटा हायरायडर हायब्रिड : लांबच्या प्रवासात खरे ॲव्हरेज किती?

हायब्रिड गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला शोरूममध्ये सर्वांत आधी ऐकवला जातो तो मायलेजचा आकडा, आणि गाडी दारात आल्यानंतर घरात सर्वांत जास्त चर्चा होते तीही याच आकड्यावरून. टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबरच गाडी एकटीने हलवू शकणारी विजेची मोटर असलेल्या) प्रकाराचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड यांत्रिकदृष्ट्या हीच गाडी असल्यामुळे तिचाही आकडा हाच आहे. दोन्ही गाड्या २०२२ साली बाजारात आल्या आणि दोन्ही कर्नाटकातल्या बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात तयार होतात. आमच्या घरात हायरायडर आहे. नोकरी पुण्यात आणि माहेर नागपूरला असल्यामुळे ती शहरातल्या रहदारीपेक्षा लांबच्या रस्त्यावर अधिक धावते. म्हणून या परीक्षणात मी गाडीचे रूप, पडदे आणि स्पीकर यांच्याकडे न वळता लांबच्या प्रवासात ती पेट्रोल किती पिते एवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

माझे मत आधीच सांगते. ताशी ८० ते ९५ किलोमीटर या वेगात ही गाडी अतिशय काटकसरी आहे आणि या आकाराच्या पेट्रोल गाड्यांत तिच्या जवळपास येणारी गाडी मी चालवलेली नाही. ताशी ११० च्या पुढे गेल्यावर मात्र तिचे हायब्रिडपण जवळजवळ संपते आणि ती एका बऱ्यापैकी पेट्रोल गाडीसारखी वागू लागते. घाटाच्या उतारावर फुकट मिळणाऱ्या विजेबद्दल जे बोलले जाते, त्यात तथ्य आहे, पण ते फार थोडे आहे.

प्रमाणित आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे समजून घेतले नाही तर निराशा पदरी येते. आपल्याकडे ज्याला, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या नावावरून, सर्रास ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात ते रस्त्यावर मोजलेले नसते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ठरावीक चक्रानुसार चालवली जाते. त्या चक्रात जास्तीत जास्त वेग ताशी ९० असतो, सरासरी वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, एसी बंद असतो आणि मधूनमधून गाडी थांबवलेली असते. हायब्रिडला असे थांबत-चालत जाणे मानवते, कारण ब्रेक लावताना ती वीज साठवते आणि गाडी उभी असताना इंजिन बंदच राहते. समृद्धी महामार्गावर एकसारख्या १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला यांपैकी काहीच वाट्याला येत नाही. तेथे ब्रेकला पाय लागत नाही, सिग्नल नाही आणि वाऱ्याचा विरोध प्रयोगशाळेतल्या सर्वोच्च वेगाच्या मानाने पावणेदोनपट असतो.

मोजण्याची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण पद्धत सांगितल्याशिवाय दिलेल्या आकड्याला अर्थ नाही. मी टाकी फुल करून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तेथेच थांबते. त्यानंतर ‘राउंड फिगर’साठी वरून पेट्रोल घालू देत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा त्याच रीतीने टाकी फुल करते आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागते. गाडीच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज आणि पंपावरचा हिशेब यांत फरक पडतोच, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो, आणि बहुतेक वेळा पडद्याचा आकडा थोडा अधिक आशावादी असतो. खाली दिलेले सगळे आकडे पंपावरच्या हिशेबाचे आहेत. प्रत्येक वेळी गाडीत चार माणसे, डिकी भरलेली आणि एसी २४ अंशांवर चालू होता. टायरमधली हवा निघताना, टायर थंड असताना, चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे तपासलेली होती.

पुण्याहून नागपूरला जाताना आम्ही अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठतो आणि सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढतो. एकूण ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सावंगीपासून जालना, मेहकर, कारंजा आणि वर्धा यांच्या जवळून जात नागपूरच्या शिवमडक्यापर्यंतचे अंतर सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर भरते. वळणे सौम्य, रस्ता काँक्रीटचा, रहदारी तुरळक आणि मोटारींना ताशी १२० ची वेगमर्यादा, अशा या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावून तासन्‌तास एकाच वेगाने जाता येते. वेग आणि पेट्रोल यांचा संबंध तपासायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

जाताना आम्ही ताशी ११५ ते १२० च्या दरम्यान वेग ठेवला. संभाजीनगरला भरलेली टाकी नागपुरात पुन्हा भरली, तेव्हा हिशेब लिटरला साडेसतराच्या जवळ आला. परत येताना वेग ८५ ते ९० ठेवला, डावी लेन सोडली नाही, आणि त्याच रस्त्यावर, तितक्याच ओझ्यासह, हिशेब चोवीसच्या किंचित खाली राहिला. रस्ता तोच, माणसे तीच, गाडी तीच आणि फरक लिटरला सहा किलोमीटरहून अधिक. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर तेवढ्या अंतरात साडेसहा लिटर पेट्रोल वाचले, म्हणजे आजच्या भावाने सातशे रुपयांच्या घरातली रक्कम, आणि त्यासाठी सव्वा तास जास्त लागला. कोणाला सव्वा तास महाग वाटेल, कोणाला सातशे रुपये. मात्र हा सौदा आपण करत आहोत याची जाणीव एक्सलरेटर दाबताना असावी, असे मला मनापासून वाटते.

यावर एक आक्षेप येईल की जातानाचा आणि येतानाचा चढ-उतार सारखा नसतो. तो आक्षेप रास्त आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि छत्रपती संभाजीनगर पुण्यासारखेच सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे पुण्याकडे येणारी गाडी एकंदरीत वर चढत असते. सोळाशे किलोची भरलेली गाडी अडीचशे मीटर वर नेण्यासाठी लागणारे काम मोजले, तर इंजिनाच्या कार्यक्षमतेचा हिशेब धरूनही ते एक तृतीयांश लिटर पेट्रोलच्या आसपास येते. चारशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात ही रक्कम फार मोठी नाही. शिवाय ती परतीच्या, म्हणजे संथ प्रवासाच्या विरोधात जाते. तरीही संथ प्रवास जिंकला, याचा अर्थ सगळा खेळ वेगाचा आहे.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही शाळेतली गोष्ट ९० आणि १२० या दोन वेगांना लावून पाहावी. १२० ला विरोध ९० च्या मानाने सुमारे ७८ टक्क्यांनी अधिक असतो. हायरायडरसारख्या उंच, चौकोनी नाकाच्या गाडीला तो सेडानपेक्षा अधिक जाणवतो. हे कोणत्याही गाडीला लागू आहे. पण हायब्रिडच्या बाबतीत आणखी एक कारण त्यात मिसळते आणि ते तिच्या यंत्ररचनेत आहे.

या गाडीत १४९० सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि ते ॲटकिन्सन चक्रावर चालते. त्यात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, मुद्दाम उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबले जाणारे मिश्रण कमी राहते, पण ज्वलनानंतरचे प्रसरण पूर्ण मिळते. थेंबाथेंबातून अधिक काम निघते, मात्र इंजिनाची ताकद घटते. ९२ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) हे इंजिन एकट्याने एवढी गाडी ओढायला लागले असते तर ओव्हरटेक करताना घाम फुटला असता. ती उणीव ८० पीएसची विजेची मोटर भरून काढते. दोघांची मिळून ताकद सुमारे ११६ पीएस होते. या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरणारी जोडणी. इंजिनाच्या ताकदीचा एक भाग थेट चाकांकडे जातो आणि दुसरा भाग जनरेटर फिरवून वीज होऊन मोटरमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. नेहमीच्या अर्थाने येथे गिअर बदलतच नाहीत. कमी वेगात ही व्यवस्था इंजिनाला त्याच्या सर्वांत सोयीच्या गतीवर ठेवते आणि गरज नसेल तेव्हा सरळ बंद करते. जास्त वेगात मात्र इंजिन सतत चालूच ठेवावे लागते, विजेच्या वळणाने जाणाऱ्या ताकदीत रूपांतराची घट येते आणि बॅटरीला मदत करायला फारशी संधी उरत नाही.

ही गोष्ट पडद्यावरच्या ऊर्जाप्रवाहाच्या आकृतीत डोळ्यांनी पाहता येते. कारंजा ओलांडल्यावर रस्ता हलके हलके वर-खाली होतो. ८८ च्या वेगात, उताराला लागताच, इंजिनापासून चाकांकडे जाणारा बाण नाहीसा होतो आणि चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण उमटतो. चढ सुरू झाला की आधी बॅटरीतून मोटरकडे बाण निघतो, थोड्या वेळाने इंजिन हळूच सामील होते, आणि मागे बसलेल्याला यातले काही कळतही नाही. ज्या गाडीला शहरातच वीज वापरता येते असे सांगितले जाते, ती मोकळ्या महामार्गावरही अशा छोट्या छोट्या तुकड्यांत इंजिन बंद ठेवत जाते. हेच ११८ च्या वेगात पाहिले तर इंजिनाचा बाण जवळजवळ कायम असतो आणि बॅटरीची पातळी फारशी हलतही नाही. दोन्ही वेळा ही आकृती मी चालकाशेजारच्या आसनावरून पाहिली. गाडी चालवताना तिच्याकडे टक लावून पाहू नये.

आता पुणे ते संभाजीनगर या टप्प्याविषयी. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातली रहदारी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कंटेनरच्या मागे दहा मीटर सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे. पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज येथे कोलमडते. हायब्रिडमध्ये मात्र एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे गाडी उभी असताना आणि इंजिन बंद असतानाही आतला गारवा टिकतो. सरकण्याचे काम मोटर करते आणि बॅटरी उतरली की इंजिन काही मिनिटे चालू होऊन तिला पुन्हा भरते. मे महिन्याच्या दुपारी ही भरणी वारंवार करावी लागते, कारण एसी बॅटरीवर मोठा भार टाकतो. तरीही या टप्प्यावर मला लिटरला एकवीस-बावीसपेक्षा कमी आकडा मिळालेला नाही. म्हणजे कोंडीतल्या नगर रस्त्यावर ही गाडी मोकळ्या समृद्धीवरच्या १२० च्या वेगापेक्षा अधिक ॲव्हरेज देते. ज्यांनी हायब्रिड चालवलेली नाही त्यांना हे उलटे वाटते, पण सबंध तंत्रज्ञान याच कामासाठी घडवलेले आहे.

घाटाचा विषय थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘चढताना जे पेट्रोल जाते ते उतरताना बॅटरीत परत येते’ हे वाक्य मी विक्रेत्यांकडून ऐकले आहे आणि मालकांकडूनही. गोव्याला जाताना आम्ही संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या मार्गाने आंबोलीला येतो आणि तेथून दाणोलीमार्गे सावंतवाडीला उतरतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि घाटाच्या पायथ्यापर्यंत साधारण सहाशे मीटरची उतरण मिळते. सोळाशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली येते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा विजेच्या बिलावरच्या भाषेत सांगायची तर अडीच युनिटांहून थोडी अधिक असते. टायरचे आणि हवेचे घर्षण वजा केले तरी दोन युनिटांच्या आसपास उरते. या गाडीची बॅटरी आहे ०.७६ युनिटांची, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून गाडी ती कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि कधी काठोकाठ भरूही देत नाही. मधला थोडासा भागच वापरला जातो. साहजिकच आंबोलीचा पहिला धबधबा मागे पडून काही वळणे झाली, की पडद्यावर बॅटरी वरच्या रेघेला टेकते आणि उरलेल्या घाटातली ऊर्जा ठेवायला जागाच नसते.

या क्षणी गाडीतून जो आवाज येतो त्याने पहिल्यांदा बसलेला माणूस दचकतो. पाय एक्सलरेटरवर नाही, गाडी उतारावर आहे, तरी इंजिन मोठ्याने घोंघावू लागते. तो बिघाड नसतो. बॅटरीत जागा नसल्यामुळे तयार होणारी वीज इंजिन नुसते फिरवण्यात खर्च केली जाते. त्या वेळी इंजिनात पेट्रोल जात नाही, फक्त ते फिरवण्याचा विरोध गाडीचा वेग आवरतो. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ ही जागा आहे, ती हेच काम आपल्या इच्छेने करवून घेण्यासाठी आहे. तीव्र उतारावर ‘बी’मध्ये गाडी उतरवल्यास ब्रेक तापत नाहीत आणि पावसाळ्यात, धुके उतरलेल्या आंबोलीत, तर ते फार उपयोगी पडते. मात्र सपाट रस्त्यावर ‘बी’ लावून ठेवल्याने ॲव्हरेज वाढते ही समजूत चुकीची आहे. तेथे ‘डी’ या नेहमीच्या जागेत राहून लांबूनच हलका ब्रेक लावणे अधिक फायद्याचे.

भरलेल्या बॅटरीचे मोल पेट्रोलमध्ये किती? एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट उष्णता असते. चांगल्यात चांगले पेट्रोल इंजिन तिच्यापैकी ४० टक्क्यांच्या आसपास कामी लावते, म्हणजे साडेतीन युनिट. त्या हिशेबाने ही बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरली असती तरी तिचे मोल पाव लिटर पेट्रोलपेक्षा कमीच झाले असते. घाट उतरल्यावर सावंतवाडीच्या बाजारातून गाडी चिडीचूप, फक्त विजेवर जाते, त्याचे समाधान मोठे असते हे मी मान्य करते, पण ते समाधान एखाद-दोन किलोमीटरचे असते. तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असलेली पूर्ण विजेची गाडी अशा घाटात यातली बरीचशी ऊर्जा परत मिळवू शकते. त्या बाबतीत हायब्रिडची तिच्याशी तुलनाच होऊ शकत नाही.

चढाचा अनुभव वेगळा आहे. परतीच्या वाटेवर आम्ही मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली, राजापूर, चिपळूण, कशेडीचा बोगदा, माणगाव असे येऊन ताम्हिणी घाटाने पुण्यात शिरतो. ताम्हिणीचा चढ लागेपर्यंत कोकणातल्या लहान-मोठ्या चढ-उतारांवर गाडी अगदी तिच्या स्वभावाला साजेशी चालते. प्रत्येक उतारावर थोडे साठवायचे, प्रत्येक चढावर थोडे खर्चायचे, वेग ७० ते ८५, आणि ॲव्हरेज सहज तेवीस-चोवीस. उतार छोटे असल्यामुळे बॅटरी ओसंडत नाही, हे त्याचे कारण. ताम्हिणीत मात्र सलग चढावर बॅटरी खाली येते, मोटरची साथ घटते आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाला जवळपास सगळा भार एकट्याने वाहावा लागतो. चार माणसे आणि सामान असेल तर इंजिनाची गती चढून तशीच राहते आणि तिचा सूर कानावर येत राहतो. येथे ॲव्हरेज दहा-बाराच्या आसपास घसरते, पण घाट संपून मुळशीच्या काठाने गाडी धावू लागली की सरासरी पुन्हा सावरते. संपूर्ण पुणे-गोवा-पुणे प्रवासाचा हिशेब माझ्या वहीत लिटरला बावीसच्या थोडा वर आहे.

पेट्रोलविषयी एक मुद्दा सर्वांनीच लक्षात घ्यावा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे एका लिटरमधली एकूण ऊर्जाच सहा-सात टक्क्यांनी घटते. प्रत्यक्ष ॲव्हरेजमध्ये किती फरक पडेल हे इंजिनाच्या जुळणीवर अवलंबून असले, तरी जुन्या परीक्षणांतले आकडे आजच्या पेट्रोलवर जसेच्या तसे मिळतील अशी अपेक्षा धरू नये.

टाकी ४५ लिटरची आहे. संथ वेगात पुण्यात भरलेली टाकी नागपूरपर्यंत पुरते आणि तरीही शिल्लक राहते, ही सोय समृद्धीवर, जेथे पंप एकमेकांपासून दूर आहेत, मनाला फार स्वस्थता देते. याउलट डिकीची अडचण खरी आहे. बॅटरी मागे ठेवल्यामुळे डिकीचा तळ वर आलेला आहे आणि जागा सुमारे २६५ लिटर उरते, तर साध्या माइल्ड हायब्रिड (ज्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) प्रकारात ती ३७३ लिटर आहे. दोन मोठ्या बॅगा आडव्या ठेवल्या की संपले. चौघांचे आठ दिवसांचे सामान आणि वर नागपूरहून येणारी संत्र्यांची पेटी, असा बेत असेल तर टपावर कॅरिअर बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा. महामार्गाच्या वेगात टपावरचे ओझे वाऱ्याचा विरोध इतका वाढवते की हायब्रिडसाठी मोजलेल्या जादा पैशांतला बराचसा फायदा तेथेच उडून जातो.

जादा पैशांचा हिशेब असा. बाजारात आली तेव्हा ऑटोमॅटिक माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या वरच्या प्रकारांत साधारण दोन लाखांच्या आसपास फरक होता. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणारा माणूस लिटरला १६ ऐवजी २२ मिळवतो असे धरले, तर वर्षाला अडीचशे लिटरहून थोडे अधिक पेट्रोल वाचते, म्हणजे सव्वीस हजारांच्या आसपास. दोन लाख वसूल व्हायला सात-आठ वर्षे लागतील. वर्षाला तीस हजार किलोमीटर असतील तर चार वर्षांत. हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असल्यामुळे पहिल्या माणसालाही धोका वाटण्याचे कारण नाही, पण केवळ पैशांसाठी घाई करण्यासारखा तो व्यवहार नव्हे. ज्याचा सगळा प्रवास समृद्धीवर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, वेगमर्यादेला चिकटून होतो, त्याने एखाद्या चांगल्या डिझेल गाडीची चाचणी घेतल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण एकसारख्या जास्त वेगात डिझेल इंजिन हायब्रिडच्या बरोबरीला येते. ज्याचा प्रवास अर्धा शहरात आणि अर्धा नव्वदच्या वेगाने होतो त्याला मात्र मी ही गाडी डोळे झाकून सुचवते.

होंडा सिटीच्या ई-एचईव्ही हायब्रिडमध्ये महामार्गाच्या वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते आणि गाडीचा आकारही बसका आहे, त्यामुळे जास्त वेगातली घसरण तिच्यात कमी असावी असे रचनेवरून दिसते. सात जणांच्या कुटुंबाला इनोव्हा हायक्रॉस आहे. तिचे इंजिन १९८७ सीसीचे आणि मोटरही बरीच मोठी असल्यामुळे भरल्या गाडीने चढ चढताना ती हायरायडरइतकी धापा टाकत नाही, मात्र किंमत अगदी वेगळ्या पायरीवर जाते.

शोरूममधून मिळणारी चाचणीची फेरी बहुधा जवळच्या चौकातून वळसा घालून परत येते आणि त्या पाच-सात किलोमीटरमध्ये कोणतीही हायब्रिड चकित करणारे आकडे दाखवते. पुण्यात असाल तर गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत नेण्याची परवानगी मागावी. निघताना पडद्यावरचे ॲव्हरेज शून्यावर आणावे, आपण एरवी ज्या वेगाने जातो त्याच वेगाने जावे, एसी चालू ठेवावा आणि घरची चार माणसे बरोबर घ्यावीत. परत आल्यावर जो आकडा दिसेल त्यातून एक-दीड किलोमीटर वजा करावा आणि त्या आकड्यावर गाडी परवडते का, याचा विचार करावा.